खारा वारा आणि जेट इंजिन

गोव्यात वास्कोजवळच्या दाबोळीच्या पठारावर भारतीय नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा हवाई तळ आहे. उत्तरेला झुआरीची खाडी, पश्चिमेला आणि दक्षिणेला अरबी समुद्र. १९६४ साली हा तळ कोइमतूरजवळच्या सुलूरहून इथे हलला. तेव्हापासून नौदलाची लढाऊ जेट विमानं याच पठारावर राहिली: आधी सी हॉक, मग सी हॅरियर, आता मिग-२९के. विमानं बदलली, इंजिनं बदलली, खारी हवा तीच राहिली. समुद्रावरून आलेल्या इंजिनात गोडं पाणी सोडायचं, आतलं मीठ धुऊन काढायचं आणि इंजिन पुन्हा कोरडं करायचं, हे काम त्यामुळे नौदलाच्या देखभालीला कायमचं चिकटलेलं आहे. वरवर पाहता ही साफसफाई. पण इंजिन किती वर्षं टिकणार याचा निकाल बऱ्याच अंशी इथे लागतो, आणि तो पाण्याइतकाच वेळेवर अवलंबून असतो, असं या विषयाचा धांडोळा घेताना माझं ठाम मत झालं आहे. मीठ पाण्यात विरघळतं. मिठाने खाल्लेला धातू पाण्याने परत येत नाही. या दोन्हींच्या मधला काळ तासांत मोजायचा असतो.

मीठ इंजिनापर्यंत येतं ते लाटांमधून. लाट फुटताना पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटले की खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार उडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात. बारीक तुषार वाऱ्यावर तरंगत राहतात, त्यांतलं पाणी उडून जातं आणि मिठाचा कण उरतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत मुख्य वाटा सोडियम क्लोराईडचा, शिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सल्फेट. यातलं सल्फेट लक्षात ठेवायला हवं, कारण इंजिनाच्या मागच्या अंगाला सगळ्यात मोठा घाव तेच घालतं. असे कण पाण्यालगतच्या काहीशे मीटरच्या थरात दाट असतात. प्रवासी विमान हा थर चटकन ओलांडून वर जातं. नौदलाचं काम मात्र याच थरात चालतं. पाणबुडीच्या शोधात निघालेलं सी किंग हेलिकॉप्टर सोनार पाण्यात सोडण्यासाठी लाटांपासून जेमतेम बारा-पंधरा मीटरवर तरंगत राहतं. त्याच्या पंख्याच्या वाऱ्याने उडालेले तुषार पुन्हा त्याच्याच इंजिनात शिरतात.

आकडा मांडून पाहू. मिग-२९केच्या आरडी-३३एमके जातीचं इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला साधारण ७५ किलो हवा ओढतं, म्हणजे साठ घनमीटरच्या वर. शांत समुद्रावर एका घनमीटर हवेत १० मायक्रोग्राम मीठ धरलं, तर तासाभरात इंजिनात जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम मीठ जातं. अर्धा चमचासुद्धा नाही. त्यातलंही बरंचसं हवेबरोबर मागून निघून जातं. समुद्र खवळलेला असेल आणि विमान खाली उडत असेल तर हा आकडा कित्येक पटींनी चढतो, तरी तो ग्रॅमांतच राहतो. एवढ्याशा मिठाने कोट्यवधी रुपयांच्या इंजिनाला काय होणार, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर त्याच्या वजनात सापडत नाही. ते कुठे बसतं, किती वेळ ओलं राहतं आणि पुढे किती तापतं, यावर सगळं ठरतं.

ओलेपणाचा हिशेब कोकण-गोव्यासाठी फार प्रतिकूल आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की कोरडं सोडियम क्लोराईड हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मॅग्नेशियम क्लोराईडला तर ३३ टक्केही पुरतात. दाबोळी, मुंबईचं कुलाबा किंवा विक्रमादित्य या विमानवाहू नौकेचा तळ असलेलं कारवार इथे वर्षाच्या बहुतेक महिन्यांत रात्रीची आर्द्रता सहज त्या रेषेपलीकडे जाते. म्हणजे संध्याकाळी न धुतलेल्या इंजिनात रात्रभर खाऱ्या पाण्याचा पातळ लेप भिजत राहतो. सकाळी उन्हाने तो वाळतो, रात्री पुन्हा ओलावतो. तेच इंजिन मे महिन्यात चंद्रपूरला उभं केलं तर दुपारची हवा इतकी कोरडी असते की मीठ खडखडीत पडून राहील आणि गंज फारसा पुढे सरकणार नाही. अमेरिकेने आपली हजारो निवृत्त विमानं अॅरिझोनाच्या वाळवंटातल्या डेव्हिस-मॉन्थन तळावर का ठेवली, त्याचं कारणही हेच. उभ्या विमानाच्या इंजिनात कोरडी हवा फिरवत ठेवायची यंत्रणा काही देशांची हवाई दलं म्हणूनच वापरतात. आपल्या किनाऱ्यावर धुण्याच्या जोडीला ती सर्रास हवी.

इंजिनाच्या पुढच्या अंगाला कंप्रेसर असतो. फिरत्या आणि स्थिर पात्यांच्या एकामागून एक रांगा हवा दाबत मागे ढकलतात. पात्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तरच हवा नीट वाहते. त्यावर मीठ आणि त्याला चिकटलेली तेलकट घाण बसली की हवा कमी येते, दाब घटतो, तेवढाच जोर मिळवायला इंधन जास्त लागतं आणि टर्बाइनचं तापमान वर सरकतं. प्रवाह अचानक उलटण्याचा धोकाही वाढतो. वैमानिक त्याला ‘सर्ज’ म्हणतात. इतकं नुकसान धुतल्यावर जवळजवळ पूर्ण भरून निघतं. क्लोराईड पोलादात जे खड्डे पाडतं ते भरून निघत नाहीत. खड्डा टाचणीच्या टोकाएवढा असला तरी मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यात ताण तिथेच साठतो, तिथूनच तडा सुरू होतो, आणि एक तुटलेलं पातं मागच्या सगळ्या रांगा फोडत जातं. हलकेपणासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओतलेली आवरणं असतील तर मीठ तीही पोखरतं.

यापेक्षा खोल मार बसतो तो मागे, टर्बाइनमध्ये. तिथली पाती निकेल किंवा कोबाल्टच्या मिश्रधातूंची असतात. त्यांचं रक्षण अॅल्युमिनियम किंवा क्रोमियमच्या ऑक्साईडचा एक पातळ पापुद्रा करतो. सोडियम, इंधनातलं गंधक आणि ऑक्सिजन मिळून सोडियम सल्फेट बनतं. थोडं सल्फेट समुद्राच्या मिठात आधीच असतं. ८८४ अंश सेल्सिअसला ते वितळतं, आणि वितळलेल्या सल्फेटात तो रक्षक पापुद्राच विरघळू लागतो. मग गंधक थेट धातूत शिरतं. पातं फुगतं, त्याला पापुद्रे सुटतात, फोड येतात. याला तंत्रज्ञ ‘सल्फिडेशन’ किंवा ‘हॉट करोजन’ म्हणतात. विमानाच्या इंधनात गंधक जास्तीत जास्त ०.३० टक्के चालतं, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी असतं. तरी सोडियमच्या एवढ्याशा मात्रेला तेवढं गंधक भरपूर पुरतं.

हा रोग ओळखीचा झाला तो समुद्रावर नव्हे, कोळशाच्या बॉयलरमध्ये. १९४० च्या दशकात कोळशावर चालणाऱ्या केंद्रांमध्ये बॉयलरच्या नळ्या राखेतल्या सोडियम-पोटॅशियमच्या सल्फेटांमुळे खाल्ल्या जाताना दिसल्या, आणि वितळलेल्या क्षारांच्या या रसायनाचा अभ्यास तिथून सुरू झाला. दुर्गापूर-ऊर्जानगरच्या धुराड्यांखाली राहणाऱ्या चंद्रपूरकरांना म्हणून हा विषय परका वाटू नये. आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी आणि राख फार, त्यामुळे इथल्या नळ्या सल्फेटाने कमी आणि राखेच्या घासण्याने जास्त झिजतात, एवढाच फरक. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाम युद्धात समुद्रावरून उडणाऱ्या अमेरिकी लष्करी विमानांची टर्बाइनं अकाली खराब होऊ लागली तेव्हा विमान इंजिनांचे अभियंते खडबडून जागे झाले. १९७० च्या आसपास गोबेल आणि पेटिट, बोर्नस्टीन आणि डीक्रेसेंट यांनी सल्फेटात ऑक्साईड कसं विरघळतं याची मांडणी केली. आजही पाठ्यपुस्तकं तिथूनच सुरुवात करतात.

त्यानंतर एक अनपेक्षित वळण आलं. तापमान कमी ठेवलं तर सल्फेट वितळणार नाही आणि पाती वाचतील, असा समज होता. १९७० च्या दशकात ‘अॅडमिरल विल्यम कॅलॅघन’ या अमेरिकी मालवाहू जहाजावर जेट इंजिनावरून बेतलेली एलएम२५०० टर्बाइनं तपासली जात होती. जहाज हळू चालत असताना, म्हणजे पाती तुलनेने थंड असताना, ती उलट जोराने खाल्ली गेलेली आढळली. कारण असं निघालं की पात्यातलं कोबाल्ट स्वतःच सल्फेट बनवतं आणि ते सोडियम सल्फेटात मिसळलं की मिश्रण ५६५ अंशांनाच वितळतं. निकेलचं मिश्रण ६७१ अंशांना. म्हणून आज या रोगाचे दोन प्रकार मानतात: साधारण ८०० ते ९५० अंशांचा पहिला, आणि ६५० ते ८०० अंशांचा दुसरा. पहिला पातं सरसकट पोखरतो, दुसरा ठिकठिकाणी खोल खड्डे पाडतो. प्लॅटिनम-अॅल्युमिनियमचे आणि कोबाल्ट-क्रोमियम-अॅल्युमिनियम-यट्रियमचे लेप या शोधांमधूनच विकसित झाले. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या शिवालिक वर्गाच्या फ्रिगेटांवर आणि कोचीत बांधलेल्या नव्या विक्रांत या विमानवाहू नौकेवर हीच एलएम२५०० टर्बाइनं आहेत, त्यामुळे हा इतिहास आपल्या नौदलाच्याही कामाचा आहे. जहाजाला एक सोय असते: हवा टर्बाइनकडे नेण्याआधी ती गाळण्यांतून आणि तुषार अडवणाऱ्या जाळ्यांतून घेता येते. सेकंदाला ७५ किलो हवा ओढणाऱ्या लढाऊ विमानाला तशी गाळणी लावली तर विमान उडणारच नाही. त्याला उरतं ते फक्त धुणं.

या सगळ्या अभ्यासात एक वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि धुण्याच्या दृष्टीने माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्वलनकक्षातून वायू काही मिलिसेकंदांत निघून जातो. एवढ्या वेळात मिठाचं पूर्ण सल्फेट होऊ शकतं का? बऱ्याच संशोधकांना ते अवघड वाटतं. त्यांचं म्हणणं असं की मीठ आधी कंप्रेसरच्या पात्यांवर साठतं, सल्फेट त्यात असतंच, आणि तो थर कधीतरी सुटून ढलप्यांनी मागे जातो व तापलेल्या टर्बाइनवर आपटून चिकटतो. हे खरं असेल तर पुढचा कंप्रेसर धुणं हा मागच्या टर्बाइनचाच बचाव ठरतो. टर्बाइनची पाती वेगळ्या नळीने धुण्याची सोय काही इंजिनांना असते आणि तीही उपयोगी आहे. तरी पुढे साठू दिलं नाही तर मागे जाणारच कमी, हा साधा हिशेब रोजच्या धुण्याच्या बाजूने फार जोरकस पुरावा आहे.

भारतीय नौदलाच्या विमानांत हा प्रश्न पिढीगणिक कडक होत गेला. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झालेल्या पहिल्या विक्रांतवर सी हॉक आणि अलिझे ही विमानं होती. सी हॉकचं रोल्स-रॉइस नीन आणि अलिझेचं डार्ट, दोन्ही इंजिनांचे कंप्रेसर केंद्रोत्सारी पद्धतीचे, म्हणजे जाडजूड चाकाने हवा बाहेर फेकून दाबणारे. असे कंप्रेसर घाण बरीच सहन करतात आणि त्या काळची टर्बाइनं आजच्या मानाने थंड असत. डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरियर दाबोळीला उतरली आणि चित्र पालटलं. तिच्या पेगॅसस इंजिनात पातळ पात्यांच्या अनेक रांगा. उभं उतरताना, म्हणजे डेकच्या अगदी जवळ खाऱ्या हवेत, ते पूर्ण जोरात चालायचं. पेगॅससच्या नौदल आवृत्तीत मॅग्नेशियमचे मोठे भाग काढून अॅल्युमिनियमचे घातले गेले ते याच कारणाने. या विमानात २२७ लिटरच्या आसपास शुद्ध पाणीही असे. ते धुण्यासाठी नसून उभं उतरताना इंजिनात फवारून ते थंड ठेवण्यासाठी होतं. २०१६ च्या मे महिन्यात सी हॅरियर निवृत्त झाली. तोवर मिग-२९केचं पथक दाबोळीला तीन वर्षांचं झालं होतं आणि विक्रमादित्यचा डेक त्याला मिळालेला होता.

धुण्याची रीत इंजिनागणिक बदलते, तरी गाभा सारखाच. उतरल्याबरोबर पाणी मारायचं नाही. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तडे जातात, म्हणून इंजिन निवू द्यायचं. केबिनकडे हवा नेणाऱ्या झडपा बंद करायच्या, दाब मोजणाऱ्या बारीक नळ्यांत पाणी शिरणार नाही याची तजवीज करायची. मग इंधन आणि ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवायचं. तंत्रज्ञ याला मोटरिंग म्हणतात. इनटेकच्या तोंडाशी लावलेल्या कडीतून किंवा नळीतून पाण्याचा बारीक फवारा सोडायचा. फिरती पाती तो ओढून मागे नेतात आणि खारं पाणी एग्झॉस्टमधून व निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडतं. स्टार्टर तापतो, त्यामुळे ठरावीक सेकंदांनंतर थांबून पुन्हा फिरवावं लागतं. नुसतं मीठ असेल तर साधं शुद्ध पाणी पुरतं. तेलकट थर असेल तर साबणी द्रव फवारून काही वेळ मुरू द्यायचा आणि फेस संपेपर्यंत खळबळून काढायचा. शेवटी इंजिन चालू करून मंद गतीवर काही मिनिटं ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी उडून जातं. धुऊन ओलं ठेवलेलं इंजिन न धुतलेल्या इंजिनापेक्षा बरं, असं समजण्याचं कारण नाही. विमान काही दिवस उडणार नसेल तर गंजरोधक तेल फवारून तोंडं झाकतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं क्लोराईड किंवा त्याची विद्युतवाहकता मोजली तर मीठ खरंच निघालं का, हे कळतं. हे मोजमाप स्वस्त आहे, दोन मिनिटांचं आहे, आणि कामाच्या घाईत पहिल्यांदा गळतं तेही हेच असतं, कारण त्यावाचून विमान अडत नाही.

पाणी कोणतं, हा मुद्दा बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतो. समुद्राचं पाणी गोडं करणारा आरओ संच एका फेरीत साधारण लिटरला दोनशे ते पाचशे मिलिग्रॅम क्षार मागे ठेवतो, आणि ते बहुतांशी मीठच असतं. प्यायला ते चालतं. इंजिन धुवायला त्याच्यावर आणखी प्रक्रिया करून डीएम पाणी, म्हणजे खनिजं काढलेलं पाणी, तयार करावं लागतं. नाहीतर मिठाने मीठ धुण्याचा प्रकार होतो. विक्रमादित्यचे संच दिवसाला ४०० टन गोडं पाणी देतात. एका इंजिनाच्या धुण्याला दहा-वीस लिटरपासून शंभर-दोनशे लिटरपर्यंत पाणी लागतं. तेव्हा जहाजावर पाण्याचा तुटवडा हे धुणं टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. कमी पडतात ती माणसं, डेकवरची जागा आणि रात्रीची वेळ. शेवटचं विमान अंधारात उतरलं, सकाळी सहाला पुन्हा उड्डाण आहे आणि शंभर कामं समोर आहेत, अशा वेळी धुणं उद्यावर ढकलण्याचा मोह कुठल्याही नौदलात होत असणार. नेमकी तीच रात्र मिठाला हवी असते.

किती वेळा धुवायचं यावर मतं वेगळी आहेत. पीटी६ या जगभर पसरलेल्या टर्बोप्रॉप कुटुंबाच्या निर्मात्यांची शिफारस सरळ आहे: सतत खाऱ्या हवेत काम असेल तर दिवसाचं शेवटचं उड्डाण झाल्यावर रोज, अधूनमधून असेल तर आठवड्याला. विरोधी बाजू अशी की प्रत्येक धुण्याला स्टार्टरचे फेरे खर्च होतात, जोडण्यांत पाणी शिरतं, विमान तासभर अडकतं. म्हणून ठरावीक वेळेऐवजी टर्बाइनचं तापमान किती चढलं ते पाहून धुवावं. प्रवासी विमान कंपन्यांना हे तर्कशास्त्र शोभतं. त्यांच्यासाठी धुणं म्हणजे इंधनाची बचत, एखाद्या टक्क्याच्या आसपास. गरम शुद्ध पाण्याचे आणि फेसाचे नवे संच विकणाऱ्या कंपन्याही याच बचतीवर बोलतात. नौदलाला तो निकष लावणं मला चुकीचं वाटतं. तापमान चढण्याइतकं मीठ साठेपर्यंत खड्डे पडायला सुरुवात झालेली असते, आणि खड्ड्यांची खूण तापमापकावर उमटत नाही. आणखी एक गल्लत नेहमी होते. गस्त घालून उतरलेल्या पी-३ ओरायन विमानांना अमेरिकेत धावपट्टीलगत कारंज्यांखालून चालवत नेत. ती आंघोळ विमानाच्या बाहेरच्या कातडीची. तिने इंजिनाच्या आतलं धुणं होत नाही.

जुनी एक रीत मात्र सर्वानुमते मागे पडली. चालत्या इंजिनात अक्रोडाच्या टरफलांची भरड, कधी तांदूळसुद्धा टाकून पाती घासून काढत. कोरडी घाण निघायची, मीठ तसंच राहायचं. पात्यांवर लेप आले, थंडाव्याची बारीक भोकं आली, तेव्हा ही भरड लेप खरवडू लागली आणि भोकं बुजवू लागली.

आता किनारा सोडून गडचिरोलीकडे येऊ. इथे मीठ नाही, हेलिकॉप्टरं मात्र आहेत. १९ एप्रिल २०२४ च्या लोकसभा मतदानात भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरने नेली गेली, आणि हे दर निवडणुकीत होतं. जखमी जवानाला किंवा अडलेल्या बाईला जंगलातून बाहेर काढायलाही तीच येतात. मोकळ्या मैदानावर उतरताना उडणारा लाल धुरळा इंजिनात जातो. हवाई दलाच्या एमआय-१७ ला धूळ अडवणारी यंत्रणा तोंडाशीच बसवलेली असते, तरी बारीक कण आत पोचतात. धुळीचं आणि मिठाचं वागणं वेगळं. धूळ पात्यांची कड घासून गोल करते. ही झीज आहे आणि कुठल्याही पाण्याने ती भरत नाही. मातीचा चिकटलेला थर साबणी द्रवाने निघतो, साध्या पाण्याने निघेलच असं नाही. फार तापणाऱ्या नव्या इंजिनांत तिसराच प्रकार घडतो: कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका एकत्र येऊन १२०० अंशांच्या पुढे वितळतात आणि पात्यावर काच बनून बसतात. गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंटची भुकटी आणि वीजकेंद्राची उडती राख यांत हे चारही घटक हजर आहेत. एमआय-१७ ची टर्बाइनं त्या तापमानाला जात नाहीत, त्यामुळे तिला याची भीती कमी. पुढे इथे नवी, जास्त तापणारी इंजिनं आली तर हा विचार करावाच लागेल.

मुंबईत जुहूहून समुद्रातल्या बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर पवनहंसची डॉफिन हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं ये-जा करत आली आहेत. तिथलं इंजिन मिठाने आजारी पडतं, जंगलातलं धुळीने. किनाऱ्यावरचं असं एखादं हेलिकॉप्टर काही आठवडे किनाऱ्यावर काम करून थेट विदर्भात आलं तर काय होईल, याचा विचार वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी करावा असं मला फार वाटतं. मिठाचा थर न धुता ते इथे आलं तर त्या थरावर धूळ चिकटते आणि दोन्ही रोग एकत्र येतात. निघण्याआधीचं शेवटचं धुणं म्हणून सर्वांत महत्त्वाचं.

नौदलाच्या इंजिनांच्या प्रत्येक बिघाडाचं खापर मिठावर फोडणंही बरोबर नाही. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालाने मिग-२९केच्या ६५ पैकी ४० इंजिनांना, म्हणजे सुमारे ६२ टक्के इंजिनांना, रचनेतल्या दोषांमुळे सेवेतून काढावं लागल्याचं नोंदवलं. रचनेतला दोष धुऊन जात नाही. पण त्या अहवालाचा एक धडा धुण्यालाही लागू होतो: कोणतं इंजिन कशामुळे बाहेर पडलं याची काटेकोर नोंद असेल तरच दोष कुणाचा हे ठामपणे सांगता येतं. प्रत्येक धुण्याची वेळ, पाण्याची शुद्धता, बाहेर आलेल्या पाण्यातलं क्लोराईड आणि त्या दिवशीच्या उड्डाणाची उंची एकाच नोंदीत आली, तर दाबोळीच्या हवेत किती तासांनी खड्डे सुरू होतात हे आपल्याच आकड्यांतून कळेल. परदेशी निर्मात्याची पुस्तिका उत्तरेच्या थंड समुद्राचा अनुभव सांगते. कोकणच्या पावसाळ्याचा अनुभव आपल्यालाच लिहावा लागेल. संरक्षण संशोधन संस्थेची नौदल सामग्री प्रयोगशाळा ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला आहे आणि गंज हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे, त्यामुळे हे काम दूर जाऊन करायला नको. एप्रिल २०२५ मध्ये करार झालेली २६ राफेल-एम विमानं नौदलात येतील तेव्हा त्यांच्या एम८८ इंजिनांच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून ही नोंद सुरू व्हावी. निर्मात्याशी वाद घालण्याचा हक्क मग आपल्याकडे राहील.

गडचिरोलीसाठी एक सूचना करावीशी वाटते. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात बॉयलरसाठी रोज डीएम पाणी तयार होतं. वाफेतली सिलिका तिथे अब्जात वीस भागांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर ती वाफेच्या टर्बाइनच्या पात्यांवर थर धरते. इंजिन धुवायला लागणाऱ्या पाण्यापेक्षा हे पाणी सहसा शुद्धच असतं. राजुरा-कोरपन्याच्या चुनखडीतलं बोअरचं पाणी याउलट जड, काही गावांत फ्लोराईडचं. ते कंप्रेसरमध्ये कधीच जाऊ नये. निवडणुकीच्या किंवा मोहिमेच्या काळात हेलिकॉप्टरं मुक्कामाला असतात तेव्हा या केंद्रातून पाण्याचा एक छोटा टँकर गडचिरोलीच्या हेलिपॅडवर नेणं हा ऐंशी किलोमीटरचा प्रवास आहे. टाकी लोखंडी नको, प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची हवी, कारण इतकं शुद्ध पाणी ज्या भांड्यात ठेवावं त्याचाच अंश उचलतं. झाकण घट्ट हवं. हेलिपॅडवर पोचल्यावर इंजिनात सोडण्याआधी पाण्याची विद्युतवाहकता पुन्हा एकदा मोजायला हवी.